आखाड्यातली विद्या कुणी लिहिलीच नाही?

‘डावपेच फक्त गुरुमुखातून यायचे, लिहून कुणी ठेवलेच नाहीत,’ असं बडोद्यातही अजून ऐकू येतं. हे खरं नाही. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांचा आहार, सराव, कुस्त्या सगळं आहे. पिढीजात कुस्ती करणाऱ्या ज्येष्ठीमल्ल समाजाचं संस्कृत ‘मल्लपुराण’ तर इथल्याच प्राच्यविद्या मंदिराने १९६४ साली छापलं. मात्र अशा ग्रंथांतली डावांची नावं वाचून हात कुठे, पाय कुठे हे नवशिक्याला उमगणं कठीण. ती उणीव भरून काढली बडोद्याच्याच द. चिं. मुजुमदारांनी. १९३६ पासून निघालेल्या त्यांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड झाले, कुस्ती, मल्लखांब, लाठी, सगळं चित्रांसह समजावलेलं. केवढं हे काम, आणि तेही मराठीत, गायकवाडांच्या बडोद्यात बसून!