डिस्कवर भिंती घालताना

सर्व्हरवर युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली टाकायला बसलं की पहिली काही मिनिटं सोपी जातात. कीबोर्ड कोणता, सर्व्हरचं नाव काय, पासवर्ड काय. मग इन्स्टॉलर विचारतो: डिस्कचे भाग मी पाडू, की तुम्ही पाडता? बाकीच्या उत्तरांत चूक झाली तरी नंतर दुरुस्त करता येते. हे उत्तर मात्र काम सुरू झाल्यावर बदलायचं तर सर्व्हर बंद ठेवून सगळा डेटा हलवावा लागतो. म्हणून माझा आग्रह असतो, की इथे घाई करू नये.

युनिक्समध्ये वापरणाऱ्याला डिस्क दिसत नाही, एकच झाड दिसतं. मुळाशी तिरकी रेघ, म्हणजे रूट. त्याखाली /यूएसआर, /व्हार, /होम, /टेम्प अशा फांद्या. यातली कोणती फांदी कोणत्या डिस्कवर किंवा पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागावर, आहे हे माउंट करताना, म्हणजे तो भाग झाडाला जोडताना, ठरतं, आणि झाडावर फिरणाऱ्याला तो सांधा जाणवत नाही.

ही रचना गरजेतून आली. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांचं युनिक्स पीडीपी-11 या यंत्रावर चालायचं, तेव्हा मुख्य डिस्क होती जेमतेम अर्ध्या मेगाबाइटची. वापरणाऱ्यांच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर ठेवल्या आणि ती /यूएसआर या नावाने जोडली. पुढे पहिल्या डिस्कवर आज्ञाही मावेनात, म्हणून त्यांतल्या काही /यूएसआरमध्ये गेल्या. पण दुसरी डिस्क जोडायची तर माउंट ही आज्ञा पहिल्या डिस्कवरच हवी! यंत्र उभं राहण्यापुरतं सामान रूटवर आणि बाकीचं पलीकडे, ही विभागणी तिथून आली.

आज जागेची टंचाई नाही. तरी भागांमधल्या भिंती हव्यात, कारण सर्व्हरवरचा सगळा डेटा एका स्वभावाचा नसतो. /यूएसआरमध्ये आता प्रोग्रॅम असतात, तो महिनोन् महिने तसाच राहतो. /व्हारमध्ये लॉग म्हणजे प्रोग्रॅमनी लिहिलेल्या नोंदी, टपाल आणि अनेकदा डेटाबेस, म्हणजे तो सतत वाढणारा. /टेम्पमध्ये कोणीही काहीही टाकतं.

एका सर्व्हरवर मी सगळी डिस्क एकाच पार्टिशनला दिली होती. एका रात्री एक प्रोग्रॅम बिघडला आणि तीच ती चूक सेकंदाला शेकडो वेळा लॉगमध्ये लिहू लागला. सकाळी जागा तपासली तर आकडा होता 108 टक्के. हा आकडा खराच असतो: फ्रीबीएसडी या युनिक्स-कुळातल्या प्रणालीची यूएफएस ही फाइलव्यवस्था, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत, 8 टक्के जागा राखून ठेवते आणि शंभर टक्के त्या राखीव जागेच्या अलीकडेच मोजते. रूट याच नावाच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या अधिकारात चालणाऱ्या लॉगच्या प्रोग्रॅमने तीही खाऊन टाकली होती. डेटाबेस थांबला होता, टपाल अडलं होतं, आणि एडिटरला तात्पुरती फाइल बनवायलाही जागा नव्हती. /व्हार वेगळं असतं तर लॉग तिथेच तुंबला असता. डेटाबेसलाही स्वतःचं पार्टिशन असतं, तर त्याला धक्काही लागला नसता.

डिस्क भरण्याची आणखी एक तऱ्हा आहे, आणि ती भल्याभल्यांना चकवते. जागा निम्मी रिकामी दिसते, तरी नवी फाइल बनवायला गेलं की उत्तर येतं: जागा शिल्लक नाही. प्रत्येक फाइलीची नोंद आयनोडमध्ये असते: मालक कोण, परवानग्या काय, मजकूर डिस्कवर कुठे. यूएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी-4 या व्यवस्थांत आयनोड किती असतील हे फॉरमॅट करतानाच ठरतं. ईएक्सटी-4 मध्ये सहसा दर 16 किलोबाइटमागे एक. लाखो चिमुकल्या फाइली साठवणाऱ्या सर्व्हरवर बाइट उरतात आणि आयनोड संपतात. तशा कामासाठी वेगळं पार्टिशन पाडून त्यात आयनोडचं प्रमाण वाढवून घ्यावं.

भिंतीचे दोन परिणाम ध्यानात ठेवायला हवेत. एकाच पार्टिशनमध्ये फाइल हलवली तर फक्त नोंद बदलते, मजकूर जागचा हलत नाही. म्हणून चांगले प्रोग्रॅम नवी फाइल शेजारी पूर्ण लिहून मग तिला जुनीचं नाव देतात. वाचणाऱ्याला एक तर जुनी दिसते किंवा नवी, अर्धवट कधीच नाही. भिंत ओलांडली की नाव बदलणं शक्य नसतं, आधी नक्कल आणि मग पुसणं, आणि ती हमी जाते. दुसरा परिणाम सुरक्षेचा: प्रत्येक पार्टिशन वेगळ्या अटींवर माउंट करता येतं. /टेम्पला ‘नोएक्झेक’ लावलं की तिथे टाकलेला प्रोग्रॅम थेट चालवता येत नाही. ‘नोसूआयडी’ लावलं की तिथला प्रोग्रॅम मालकाचे अधिकार उसने घेऊ शकत नाही. ओपनबीएसडी या त्याच कुळातल्या प्रणालीचा इन्स्टॉलर डिस्क पुरेशी मोठी असली की आपणहून आठ-नऊ भाग पाडतो, त्यामागे हाच विचार आहे.

भागांची नोंद ठेवणारा तक्ता आता जीपीटीच निवडावा. जुना एमबीआर 1983 चा. त्यात चारच मुख्य नोंदी, आणि सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या एका छोट्या कप्प्याचा, क्रमांक 32 बिटांचा. 512 बाइटांचा सेक्टर धरला तर हिशेब 2.2 टेराबाइटला संपतो. जीपीटीत सहसा 128 नोंदी मावतात आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. जुन्या पद्धतीत पहिलं पार्टिशन 63 व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं. आजच्या डिस्क आतून 4096 बाइटांचे, म्हणजे जुने आठ सेक्टर एकत्र असे तुकडे वापरतात, आणि 63 ला आठाने भाग जात नाही. मग एक तुकडा लिहायला डिस्कला दोन तुकडे वाचून पुन्हा लिहावे लागतात. पार्टिशन 1 मेगाबाइटच्या पटीत सुरू केलं की हा त्रास उरत नाही.

स्वॅप, म्हणजे मेमरी अपुरी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा, याबद्दल थोडक्यात: मेमरीच्या दुप्पट हा जुना नियम मोठ्या मेमरीच्या यंत्रांना लागू करू नये. पण फ्रीबीएसडीत कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, कोसळलं तर त्याचा पंचनामा सहसा स्वॅपवरच लिहिला जातो, तेवढी जागा असू द्या.

सन मायक्रोसिस्टिम्सने 2005 मध्ये खुली केलेली झेडएफएस ही फाइलव्यवस्था भिंतीच लवचिक करते. सगळ्या डिस्कचा एक साठा, त्यातून हवे तेवढे भाग, प्रत्येकाला कोटा म्हणजे जागेची मर्यादा, आणि तो कोटा चालू सर्व्हरवर एका आज्ञेत बदलता येतो. मेमरी पुरेशी असेल तर मी आज हीच निवडतो. मात्र कोटा लावायला विसरलात तर एक भाग सगळा साठा गिळू शकतो, आणि आपण पुन्हा त्या सकाळीच येऊन पोचतो.

यूएफएस वापरत असाल तर सगळी डिस्क पहिल्याच दिवशी वाटून टाकू नका. पार्टिशनच्या लगत पुढे मोकळी जागा असेल तर यूएफएस वाढवता येतं, आकसवता येत नाही. आणि इन्स्टॉल संपल्यावर फ्रीबीएसडीची ‘जीपार्ट बॅकअप’ ही आज्ञा देऊन पार्टिशनचा तक्ता एका फाइलीत उतरवून घ्या. मोजक्या ओळींचा साधा मजकूर असतो. ती फाइल त्याच सर्व्हरवर ठेवू नका.