मॉरिशसमधील करारबद्ध आप्रवासन

हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर भारतातून करारावर मजूर आणण्याची पद्धत. ती १८३४ ते १९१० या काळात चालली. या मुदतीत सुमारे साडेचार लाख भारतीय तेथे उतरले व अंदाजे दोन-तृतीयांश कायमचे राहिले. १,८६५ चौ.किमी. क्षेत्रफळाच्या बेटाची लोकसंख्या, शेती आणि सरकारी जमाखर्च या आप्रवासनाने पार पालटला.

या पद्धतीचा आरंभ सामान्यतः २ नोव्हेंबर १८३४ पासून धरतात. त्या दिवशी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुईला आले. ते छोटा नागपूरकडील धांगड आदिवासी असून करार पाच वर्षांचा, मजुरी दरमहा ५ रुपये व शिधा वेगळा, अशा अटी होत्या. मात्र भारतीयांचे आगमन याहून जुने आहे. फ्रेंच अमदानीत, विशेषतः १७३५ नंतर, पाँडिचेरीकडून कारागीर नेले गेले. १८१५ पासून बंगाल व मुंबई इलाख्यांतील जन्मठेपेचे कैदी रस्त्यांच्या कामावर होते. १८२९ मध्ये मजूर आणण्याचा एक प्रयत्न फसलाही होता. त्यामुळे १८३४ हे भारतीय वस्तीचे आरंभवर्ष नसून करारपद्धतीचे होय, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. गैरप्रकारांच्या तक्रारींवरून १८३९ मध्ये भारतातून मजूर नेण्यास बंदी झाली व १८४२ मध्ये मॉरिशसपुरती ती उठली. आलेल्या मजुरांना उतरवून घेण्याचा पोर्ट लुईचा तळ, आप्रवासी घाट, १८४९ चा. बंदरातून वर येणाऱ्या त्याच्या सोळा दगडी पायऱ्या अद्याप शाबूत आहेत (जागतिक वारसा स्थळ, २००६).

लोकसंख्या: १८४६ च्या गणनेत बेटावर सुमारे १,५८,००० लोक होते, त्यांत भारतीय ५६,०००. पंधरा वर्षांनी एकूण आकडा ३,१०,००० वर गेला व भारतीयांचा वाटा बासष्ट टक्क्यांच्या आसपास पोहोचला. ही वाढ प्रायः नव्याने येणाऱ्यांची होती, जन्मांची नव्हे: १८४६ मध्ये दर सात भारतीय पुरुषांमागे जेमतेम एक स्त्री होती. पुढे स्त्रियांचे किमान प्रमाण ठरवून देण्यात आले. १८६६–६८ च्या हिवतापाच्या साथीत मोठी प्राणहानी झाली.

अर्थव्यवस्था व महसूल: ब्रिटनमध्ये १८२५ पासून मॉरिशसच्या साखरेला वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच जकात लागू झाली आणि ऊस फोफावला. १८३५ मध्ये गुलामगिरी संपताच मळेवाल्यांना नुकसानभरपाई मिळाली. मुक्त झालेल्यांना मात्र काही नाही. आरंभी मजुरांच्या प्रवासाचा खर्च मळेवाले करीत. १८४२ नंतर तो मोठ्या प्रमाणात वसाहतीच्या तिजोरीवर पडला. ही तिजोरी मुख्यतः आयातजकात व दारूवरील कर यांवर भरे, आणि मजुराच्या ताटातला भात बंगालहून जहाजाने येई. म्हणजे आपल्या मागून येणाऱ्याच्या भाड्याचा काही भाग मजूरच भरत होता. उलट मजुरांचा पुरवठा वाढल्याने मजुरी चढली नाही व लाभ मळ्यांकडे राहिला. ‘डबल कट’ पद्धतीने एका दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांचा पगार कापत. १८६७ च्या कायद्याने करार पुरा केलेल्यांनाही छायाचित्र असलेला परवाना बाळगावा लागे. मळेवाला आडोल्फ द प्लेविट्झ याने १८७१ मध्ये त्याविरुद्ध अर्ज केला; त्यातून ब्रिटिश राजसत्तेचा चौकशी आयोग (रॉयल कमिशन) आला. १८८० च्या सुमारास अडचणीतील मळ्यांनी तुकडे पाडून जमीन विकली. ती घेणाऱ्यांत साठवलेली मजुरी गाठीशी असलेले भारतीय बरेच होते.

इतिहासकार ह्यू टिंकर यांनी ही पद्धत गुलामगिरीचेच नवे रूप मानली. इतिहासकार मरीना कार्टर यांनी भारतात परत आलेले मजूर आपल्या गावकऱ्यांना सोबत नेत, याकडे लक्ष वेधले. दुसऱ्या मताने पहिले खोडले जात नसले, तरी वाढत्या संख्येचा उलगडा त्याने अधिक होतो.

मराठी भाषक: कलकत्ता व मद्रास यांच्या मानाने मुंबई बंदरातून गेलेले थोडे. नोंदवह्यांत त्यांचा उल्लेख बंदरावरून होत असल्याने मूळ गाव ठरविणे कठीण जाते. गणेशोत्सवातील ‘झाकरी’ नाच कोकणातील जाखडीशी जुळतो, हे कोकणी मुळाचे एक गमक. गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते.

विसाव्या शतकाच्या मध्यास हिवताप हटल्यावर नैसर्गिक वाढ भडकली. १९६१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी बेटाच्या भवितव्याविषयी निराशाच व्यक्त केली होती. आता जननप्रमाण बरेच खाली आले असून कापड कारखान्यांत बांगलादेशाहून कामगार करारावर आणतात.