जाड वायर म्हणजे चांगली वायर नव्हे

कृष्णेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाणी शिरलेल्या सांगलीतील अनेक घरांचे वायरिंग बदलावे लागले, आणि त्या निमित्ताने एक जुना समज पुन्हा कानावर पडू लागला: वायर बोटांत धरून पाहावी, जाड लागली की ती भक्कम. हा समज चुकीचा आहे. बोटांना जाणवते ती बहुतांशी वरच्या पीव्हीसी आवरणाची जाडी. वीज वाहते ती आतल्या तांब्यातून, आणि हलक्या मालात नेमकी तांब्यात काटकसर करून आवरण फुगवलेले असू शकते.

तांब्याचा छेद, म्हणजे आडव्या कापाचे क्षेत्रफळ, कमी असला की रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, वाढतो, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, दिव्यांवर निमूट चालणारी वायर गीझर लावताच तापते. लवचिक, बहुतंतू (अनेक बारीक तारा एकत्र असलेल्या) तांब्याच्या २.५ चौरस मिलिमीटर वायरचा रोध २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे ७.९८ ओहमपेक्षा अधिक नसावा, म्हणजे ९० मीटरच्या बंडलात सुमारे ०.७२ ओहम. नुसते तंतू मोजून समाधान मानणाऱ्यांनी (असे जाणकार आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत) प्रत्येक तंतूची जाडीही पाहावी.

म्हणून सांगलीच्या गणपती पेठेत खरेदी करताना वायर चिमटीत दाबत बसण्यापेक्षा तिच्यावर आयएस ६९४ (अशा वायरींचे भारतीय मानक), आयएसआय चिन्ह, छेद आणि किती व्होल्टसाठी आहे हे छापलेले आहे का ते वाचावे, आणि पक्के बिल मागावे. चिन्हासोबतचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपवर पडताळता येतो. तो तेथे सापडला नाही, तर बंडल परत करावे.