18 की 22? टीनेज मुलींच्या ब्रेस्ट इम्प्लांटचा वाद आला कुठून

2001 साली ब्रिटनमधल्या पेपरांना चघळायला एक विषय मिळाला. 15 वर्षांची एक मुलगी, तिला सोळाव्या वाढदिवसाला ब्रेस्ट इम्प्लांट हवे होते आणि आईवडील पैसे द्यायला तयार होते. झालं, सगळा देश आईबापांवर तुटून पडला. त्या गदारोळात एक गोष्ट कोणी फारशी विचारली नाही, की ही जी वस्तू एका वाढत्या मुलीच्या अंगात घालायची चाललीय तिची स्वतःची जन्मकुंडली काय आहे. कारण मुलींच्या वयाचा जो वाद आज आपण ऐकतो, 18 पाहिजे की 22 की आईवडिलांची सही असली की बस, तो सगळा त्या वस्तूच्या इतिहासातून आलाय असं माझं मत आहे.

तर सुरुवात खूप मागे जाते. 1895 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला विन्सेंट चेर्नी नावाच्या सर्जनने एका बाईच्या स्तनातली गाठ काढल्यावर झालेला खड्डा तिच्याच अंगावरची चरबीची गाठ वापरून भरला. हे बिचारं दुरुस्तीचं काम होतं. पुढे व्हिएन्नात गेर्सुनी यांनी पॅराफिनची इंजेक्शनं काढली, त्याच्या गाठी व्हायच्या, ते पसरायचं, शेवटी बंद पडलं. 1950 च्या दशकात स्पंज घालून बघितले, ते आत जाऊन कडक झाले. जपानमध्ये आणि मग अमेरिकेत लास वेगसकडे लिक्विड सिलिकॉन सरळ टोचायला लागले, त्यात अनेक बायकांचे स्तन कायमचे गेले. म्हणजे साठ-सत्तर वर्षं जे हाताला लागेल ते घालून बघायचं आणि काय होतं ते नंतर बघायचं, असाच कारभार होता.

1962 ला टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या जेफरसन डेव्हिस हॉस्पिटलमध्ये जे घडलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात बोलकं वाटतं. थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो हे दोन सर्जन. गेरोच्या हातात रक्ताची प्लास्टिकची पिशवी आली आणि ती दाबून बघताना त्याला वाटलं अरे हे तर स्तनासारखं लागतंय, तिथून कल्पना. डाऊ कॉर्निंग कंपनीने सिलिकॉनची पिशवी आणि आतली जेल बनवून दिली. आधी एका कुत्रीवर प्रयोग केला, तिचं नाव एस्मेराल्डा, तिने टाके चावायला सुरुवात केली म्हणून काही आठवड्यांत काढून टाकलं. आणि मग बाई शोधली. टिमी जीन लिंडसे, सहा मुलांची घटस्फोटित आई, हॉस्पिटलला आली होती छातीवरचे गुलाबाचे टॅटू काढून घ्यायला! इम्प्लांट तिने मागितलेच नव्हते. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली मला खरं तर कान नीट करून हवेत, ते पुढे आलेत. कान करून देऊ, हे पण घालून घे, असा सौदा झाला. पुढे अनेक वर्षांनी तिने मुलाखतींमध्ये हे सगळं स्वतःच सांगितलंय. म्हणजे जगातल्या पहिल्या सिलिकॉन इम्प्लांटची मागणी पेशंटकडून आली नव्हती, ती डॉक्टरांकडून आली होती, हे लक्षात ठेवा.

त्यानंतर धंदा जोरात. कायदा मात्र झोपलेला, कारण अमेरिकेत 1976 पर्यंत असल्या उपकरणांना बाजारात आणण्याआधी एफडीएकडे, म्हणजे औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेकडे, सुरक्षिततेचा पुरावा द्यायलाच लागत नव्हता. 1976 ला कायदा आला तेव्हा इम्प्लांट 14 वर्षं विकले जात होते, मग आधीपासून आहेत ना, राहू द्या, असं झालं. 1982 मध्ये एफडीएने म्हटलं की यांना सगळ्यात जोखमीच्या वर्गात टाकू आणि पुरावा मागू, तर प्लास्टिक सर्जनच्या संघटनेने लेखी कळवलं की छोटे स्तन ही विकृती आहे आणि एका अर्थी आजारच आहे, उपचार झाला नाही तर बाईला मनाचा त्रास होतो. हे वाचून मला पहिल्यांदा हसू आलं आणि मग राग आला. एकदा लहान छातीला आजार म्हटलं की तो आजार साहजिकच तेरा-चौदाव्या वर्षापासून दिसायला लागणार ना! टीनेजरचा प्रश्न तिथेच पेरला गेला, फक्त तेव्हा कोणी वयाचं बोललं नाही.

मग इम्प्लांटमुळे आजारी पडलो म्हणणाऱ्या बायकांच्या कोर्टकचेऱ्या. 1984 ला मारिया स्टर्न नावाच्या बाईने डाऊ कॉर्निंगविरुद्ध केस जिंकली, 1991 मध्ये मॅरिअन हॉपकिन्स यांना 70 लाख डॉलरच्या वर नुकसानभरपाई मिळाली, 1992 च्या जानेवारीत एफडीएचे प्रमुख डेव्हिड केसलर यांनी सिलिकॉन जेलवाल्या इम्प्लांटवर थांबा लावला, 1995 मध्ये डाऊ कॉर्निंगने दिवाळखोरी जाहीर केली. 1999 मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा मोठा रिपोर्ट आला, त्यात म्हटलं होतं की इम्प्लांटमुळे संधिवातासारखे सगळ्या अंगाचे आजार होतात याला पुरावा सापडत नाही, पण फाटणं, कडक होणं, परत ऑपरेशन करायला लागणं हे त्रास खरे आहेत आणि भरपूर आहेत. या रिपोर्टचं पहिलं वाक्य कंपन्यांनी उचललं, दुसरं फारसं कोणी वाचलं नाही.

जेल बंद पण सलाइनचे, म्हणजे मिठाचं पाणी भरलेले, चालूच होते. त्यांना 2000 च्या मे महिन्यात रीतसर मंजुरी मिळाली, साइज वाढवायची असेल तर वय 18 आणि पुढे. जेलचे 2006 च्या नोव्हेंबरमध्ये परत आले, तेव्हा अट 22. कॅन्सरनंतरच्या किंवा जन्मजात दोषाच्या दुरुस्तीसाठी मात्र दोन्हींना वयाची अट नाही. 22 का, तर एफडीएने कारण दिलं की स्तनांची वाढ विशीच्या सुरुवातीपर्यंत चालू असते आणि इतक्या कमी वयात धोके समजून निर्णय घेण्याची पक्वता असेलच असं नाही. मग पाण्याच्या पिशवीला 18 आणि जेलच्या पिशवीला 22 कसं, शरीर तर एकच आहे, असं कोणीही विचारेल. आणि गंमत म्हणजे हे आकडे फक्त कंपनीला लागू, कंपनीने जाहिरात कोणाला उद्देशून करायची एवढंच त्यावरून ठरतं. डॉक्टरने स्वतःच्या जबाबदारीवर 17 च्या मुलीला आईबापांच्या सहीने घातले तर अमेरिकेत ते बेकायदेशीर नाही.

मधल्या काळात टीव्हीने काम केलं. 2002 च्या शेवटी एबीसी या अमेरिकन चॅनेलवर मेकओव्हरचा शो आला, 2004 पर्यंत एमटीव्हीवर पोरंपोरी आवडत्या स्टारसारखं दिसायला सर्जरी करून घेताना दाखवत होते. शाळा संपल्याची भेट म्हणून इम्प्लांट देणाऱ्या पालकांच्या बातम्या यायला लागल्या. अमेरिकेतल्या एस्थेटिक प्लास्टिक सर्जनच्या संघटनेचे आकडे बघा, 18 आणि त्याखालच्या मुलींची इम्प्लांटची ऑपरेशनं 2002 मध्ये 3,872, 2003 मध्ये 11,326. यात 18 पूर्ण झालेल्या पण आहेत आणि हा सर्व्हेवरचा अंदाज आहे, पण तरी एका वर्षात जवळपास तिप्पट! मग मोठ्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन सोसायटी ऑफ प्लास्टिक सर्जन्सने, भूमिका घेतली की निव्वळ दिसण्यासाठी असेल तर 18 च्या आधी करू नका. भूमिका म्हणजे सल्ला, कायदा नाही.

2008 मध्ये फ्लोरिडात 18 वर्षांच्या एका मुलीचा स्तनांच्या ऑपरेशननंतर मृत्यू झाला. कारण इम्प्लांट नव्हतं, भूल देण्याच्या औषधाने शरीराचं तापमान एकदम भडकतं असा एक दुर्मिळ आनुवंशिक दोष असतो, तो होता. पण बातम्यांनी सगळं एकाच पोत्यात भरलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडने 18 खालच्यांच्या कॉस्मेटिक सर्जरीवर कायद्याने बंदी घातली. इटलीने 2012 मध्ये खास इम्प्लांटसाठीच कायदा केला, 18 च्या आत दिसण्यासाठी घालायचे नाहीत, गंभीर जन्मजात दोष असेल तर डॉक्टरच्या दाखल्यावर चालेल, आणि मोडला तर दंड आणि शिक्षा डॉक्टरला, मुलीला नाही, हे मला पटतं. कोलंबियाने 2016 मध्ये काही अपवाद ठेवून बंदी आणली.

माझं म्हणाल तर वयापेक्षा मला पुढच्या हिशोबाची काळजी वाटते. इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाहीत हे एफडीए स्वतः सांगते, 2011 मध्ये त्यांनीच म्हटलं की साइज वाढवायला घातलेल्यांपैकी पाचातल्या एकीचे दहा वर्षांत काढावे लागतात. 17 व्या वर्षी घातले तर 27 पर्यंतच ही वेळ, आणि पुढे अजून पन्नास वर्षं. जेलचे असतील तर आत गुपचूप फाटलेत का बघायला 2006 च्या नियमाने तिसऱ्या वर्षी एमआरआय आणि मग दर दोन वर्षांनी, आता तो पाचव्या-सहाव्या वर्षी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी असा सैल केलाय, पण खर्च बहुतेक वेळा स्वतःच्याच खिशातून. 2011 पासून इम्प्लांटभोवती होणाऱ्या एका दुर्मिळ लिम्फोमाची, म्हणजे एक प्रकारच्या कॅन्सरची, पण नोंद आहे, 2019 मध्ये त्यावरून अॅलर्गनचे खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट बाजारातून मागे घेतले, 2021 मध्ये सगळ्याच इम्प्लांटवर काळ्या चौकटीतली, म्हणजे सगळ्यात कडक, वॉर्निंग आली. हे सगळं 16 वर्षांच्या मुलीला समजावून सांगायचं म्हणजे तिला बारावीच्या पुढचं दिसत नसताना पंचेचाळिशीतलं ऑपरेशन समजावण्यासारखं आहे.

पण सरसकट सगळ्याला नको म्हणणारे पण चुकतात. अतिशय जड स्तनांमुळे मान-पाठ दुखणारी, खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांचे खोल वळ पडलेली, खेळ सोडून दिलेली 16 वर्षांची मुलगी असते, तिचं कमी करायचं ऑपरेशन ही वेगळी गोष्ट. बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी अशा मुलींना ऑपरेशननंतर बराच फायदा झाल्याचं दाखवलंय. एका बाजूला स्तनच नीट वाढला नाही, छातीचा स्नायूच नाही, हा पोलंड सिंड्रोम नावाचा जन्मजात दोष तर 1841 पासून माहीत आहे, त्याची दुरुस्ती पण अशीच वेगळी गोष्ट.

आणि मुलगे! त्यांचं कोणी बोलतच नाही. वयात येताना मुलांची छाती थोडी फुगते, आपल्याकडे शाळेत त्यावरून काय काय चिडवतात ते सगळ्यांना माहितीये, मग पोरगा उन्हाळ्यात पण शर्टाच्या आत घट्ट बनियन घालतो आणि स्विमिंगला जायचं टाळतो. पुण्या-मुंबईत ही फुगलेली छाती कमी करायच्या ऑपरेशनच्या जाहिराती रोज मोबाइलवर दिसतात, आधी-नंतरच्या फोटोसकट. 18 च्या खाली आईबापांची सही लागते, ती करताना एवढं माहीत असावं की बहुतेक मुलांमध्ये हे एक-दोन वर्षांत आपोआप उतरतं, म्हणून चांगले सर्जन आधी थांबायला सांगतात, हार्मोनच्या टेस्ट करून घेतात. जाहिरातीत हे नसतं.