हॅगिसची पिशवी फुटते का?

मेंढी कापल्यावर मांडीचं मांस मीठ लावून टिकवता येतं. काळीज (यकृत), हृदय आणि फुप्फुसं मात्र सगळ्यात आधी नासतात, ती लगेच शिजवावी लागतात. स्कॉटलंडच्या हॅगिसचं, म्हणजे मेंढीच्या पोटात हे अवयव आणि ओट्स भरून उकडलेल्या पदार्थाचं, गणित इथूनच सुरू होतं. भांडं म्हणून मेंढीचंच पोट, आणि भरीला ओट्स. तिथल्या थंड, ओल्या उन्हाळ्यात गव्हापेक्षा तेच भरवशाने पिकतात.

पोट स्वच्छ धुऊन, खरवडून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवतात. बाकीचे अवयव दीड-दोन तास उकडायचे. श्वासनलिका पातेल्याच्या काठावरून बाहेर लोंबती ठेवली की फुप्फुसांतला फेस तिच्यातून खालच्या वाटीत उतरतो. मग हृदय आणि फुप्फुसं बारीक चिरायची, काळीज किसायचं. काळीज अर्धंच घ्यावं. सगळं घातलं तर त्याचीच चव वर येते.

पण हॅगिस खरा घडतो तो ओट्समुळे. एका मेंढीला साधारण पाव किलो भरड कोरडी, खमंग भाजून घ्यायची. दुकानातले चपटे ओट्स इथे चालत नाहीत, त्यांचा गिळगिळीत लगदा होतो. जाड भरडीचा कण मात्र अवयव उकडलेलं पाणी पिऊन फुगतो, तरी दाताखाली लागतो. त्यातला बीटा-ग्लुकन हा चिकट तंतू सारण धरून ठेवतो, अंडं लागत नाही. सोबत कांदा, मीठ, भरपूर मिरी, जायफळ आणि मूत्रपिंडाभोवतीची टणक चरबी. ही चरबी वितळून कणाकणावर चढते आणि मऊपणा येतो. गार झाली की ती पुन्हा गोठून टाळूला चिकटते, म्हणून हॅगिस वाफाळताच खायचा.

पिशवी फुटते ती बहुतेक वेळा हावरटपणे भरल्यामुळे. आत ओट्स फुगतात, वाफ धरते, आणि त्याच वेळी पोटाची भिंत उष्णतेने आक्रसते. म्हणून ती अर्धी किंवा फार तर दोन-तृतीयांश भरायची, हवा दाबून काढायची, तोंड शिवायचं. पाण्यात फुगू लागली की सुईने दोन-चार ठिकाणी टोचायचं. पाणी खळखळू न देता मंद आचेवर तीन तास.

अमेरिकेने १९७१ मध्ये खाण्यासाठी फुप्फुसं विकायला बंदी घातली. फुप्फुस स्पंजासारखं हलकं असतं. ते नसलेला हॅगिस जड, घट्ट लागतो. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने १७८६ मध्ये ज्याच्यावर कविता केली, तो फुप्फुसांसकटचा. २५ जानेवारीला, बर्न्सच्या जन्मदिनी, ती म्हणत पिशवीवर सुरी चालवतात, आणि शेजारी कुस्करलेला बटाटा आणि पिवळा सलगम वाढतात.