वादग्रस्त वीज थकबाकी: जोडणी तुटण्यापूर्वी करायचा अर्ज

घरगुती बिल अवाच्या सवा आले की बरेच ग्राहक तक्रार देतात आणि निकाल लागेपर्यंत एक पैसाही भरत नाहीत. मग थकबाकी फुगत जाते, कंपनीची वसुली अडते आणि घरची वीज तुटते. नुसत्या तक्रारीने कारवाई थांबत नाही, हे कळकळीने सांगावेसे वाटते.

वीज अधिनियम २००३ च्या कलम ५६ नुसार जोडणी तोडण्याआधी किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस हाती पडल्याचा दिवस त्यात धरू नये. या मुदतीत हरकत नोंदवून मागणीची रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने दरमहा येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरली, तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. समजा, एका महिन्याचे बिल १८,४०० रुपये आले आणि मागील सहा महिन्यांत एकूण ५,४०० रुपये भरलेले आहेत, तर ९०० रुपये भरावेत. मात्र ही रक्कम गुपचूप ऑनलाइन भरल्यास हरकतीचा पुरावा उरत नाही. म्हणून ‘हरकत राखून भरणा’ असे स्पष्ट लिहिलेले पत्र पावतीच्या प्रतीसह उपविभाग कार्यालयात द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. सोबत नोटीस, सहा महिन्यांची बिले आणि रीडिंग दिसेल असा मीटरचा फोटो जोडावा.

सर्वांत जास्त अडते ते नावापाशी. बिल दिवंगत आजोबांच्या नावावर असते, वारसाचा कागद कोणाकडेच नसतो आणि खिडकीवरून माणसाला परत पाठवले जाते. वास्तविक ज्याच्या जागेला वीज जोडलेली आहे, त्यालाही कलम २(१५) ‘ग्राहक’च मानते; अर्जात या कलमाचा उल्लेख करून राहत्या पत्त्याचा पुरावा जोडावा.

दोन वर्षांपूर्वीची थकबाकी वसूल होत नाही, या समजुतीवर विसंबू नये. ती रक्कम बिलांत सातत्याने थकबाकी म्हणून दाखवलेली असेल, तर ही मर्यादा लागू होत नाही.

दाद न मिळाल्यास वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत वीज कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येते. अनधिकृत वापराची आकारणी मात्र मंच ऐकत नाही. अशा आकारणीच्या अंतिम आदेशाविरुद्ध कलम १२७ खाली तीस दिवसांत, निम्मी रक्कम भरून, वेगळे अपील करावे लागते.