औषधातले जादा घटक आणि करसवलत

औषधात मूळ द्रव्याशिवाय सुगंध, रंग, शाम्पूचा बेस, अल्कोहोल असं काही मिसळलं तरी त्याला औषधाचाच कमी (किंवा शून्य) कर लागतो का, हे ठरवायची पद्धत. जळगाव-धुळ्याकडं मेडिकलवाले बिलावरचा एचएसएन कोड (करासाठी वस्तूचा प्रकार सांगणारा आकडा) बघून मोकळे होतात, ३००४ दिसला की औषध, पण कंपनीनं तो कोड कशावरून टाकला तिथंच वाद असतो.

सुरुवात १९५५ च्या औषधी व प्रसाधनी पदार्थांवरच्या उत्पादन शुल्क कायद्यापासून धरता येते, पण १९५१ चा बलसारा खटला जास्त पटतो. खान्देश तेव्हा मुंबई राज्यात होता आणि त्या राज्याच्या दारूबंदी कायद्यातला औषधी अल्कोहोलवर बंदी घालणारा भाग सुप्रीम कोर्टानं तिथंच रद्द केला. पुढं आसव-अरिष्टांचा (आंबवून केलेल्या आयुर्वेदिक औषधांचा) प्रश्न आला. सातपुड्यात रानोमाळ मिळणारी धायटीची फुलं घालून काढा आंबवला की अल्कोहोल आपोआप तयार होतो, असं आतल्या आत झालेलं अल्कोहोल असून जे दारू म्हणून पिता येत नाही त्या आयुर्वेदिक औषधाला शुल्क शून्य होतं, वरून स्पिरिट ओतलेल्याला ही सवलत नाही.

एक्साइजच्या (उत्पादन शुल्काच्या) काळात ग्रंथोक्त औषधांनाही माफी होती, पण अट कडक. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या ग्रंथांतल्या (चरकसंहिता, शार्ङ्गधरसंहिता, भैषज्यरत्नावली वगैरे) पाठाप्रमाणंच बनवायचं आणि त्याच नावानं विकायचं. पदरचा एक घटक घातला की माफी गेली.

बाकी औषधांना एवढा सोवळेपणा नाही. सेल्सन या कोंड्यावरच्या शाम्पूत सेलेनियम सल्फाइड हे औषधी द्रव्य फक्त २.५ टक्के, बाकी सगळा बेस, तरी १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते औषधच मानलं, कारण उपचाराला तेवढंच पुरतं. उलट बैद्यनाथचं लाल दंतमंजन २००९ मध्ये प्रसाधनातच राहिलं, गिऱ्हाईक ते रोजचं मंजन म्हणूनच घेतं. दोन्ही निकाल एका ओळीत बसवणं अवघडच, पण टक्केवारीपेक्षा वस्तू कशासाठी घेतली जाते हे बघणं जास्त बरोबर वाटतं.

जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधं ५ टक्क्यांवर, काही जीवरक्षक औषधं शून्यावर आली. शाम्पू, टूथपेस्टही ५ वरच आल्यानं तिथला वाद जवळपास संपला, त्वचेच्या क्रीमचा मात्र चालूच, कारण प्रसाधन ठरलं तर १८ टक्के.